चार नंबरच्या खाटेवरची घोंगडी

दुपारी तीन वाजता चार नंबरची खाट रिकामी होती. सलाइनची नळी स्टँडवरून खाली लोंबत होती आणि तिच्या सुईतून पाणी थेंबाथेंबानं फरशीवर पडत होतं. प्राणवायूचा मास्क उशीवर होता. सिलिंडर चालूच होता. नर्स तुळजा भांडारातून अॅट्रोपिनचा, विषावरच्या औषधाचा, खोका घेऊन परत आली तेव्हा तिला हे एवढंच दिसलं. तिनं आधी सिलिंडर बंद केला, मग सलाइनची चकती सरकवली, मग सुई काढून डब्यात टाकली. खोका ट्रेमध्ये ठेवला. हे सगळं करून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की खाटेवर माणूस नाही आणि आपण अजून कुणाला हाक मारलेली नाही.

महानंदा आया बादली घेऊन दारात उभी होती. "गेले की," ती म्हणाली. "मागच्या दारानं. त्या भावानं खांद्यावर टाकलं, म्हातारी पुढं. भाईर काळी जीप हुबी होती. मी म्हनलं कुठं जायलाव, तर म्हातारी म्हनली, घरी. मला वाटलं तुमीच सोडलाव." तुळजा म्हणाली, "मी कशाला सोडीन?" "न्हाई, मला वाटलं. तसं त्यो गेल्यातच जमा होता न्हव? भिंतीसंगं बोलायला होता. हवेतलं कायतरी वेचायला होता." तो बरा होत होता, असं तुळजाला सांगायचं होतं. हवेतलं वेचणं हे औषध लागू पडल्याचं लक्षण होतं. चेहरा लाल होणं, तोंड कोरडं पडणं, बडबडणं, हे सगळं चांगलं होतं, कारण सकाळी ह्याच माणसाच्या तोंडातून फेस वाहत होता आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. पण महानंदाला सांगून आता काय उपयोग होता. आणि ते ज्यांना सांगायचं होतं त्यांना आपण सांगितलं होतं का, हे तिला आठवेना. डॉक्टर श्रीहरींनी सांगितलं होतं. त्यांनी पेशंटच्या, पिराप्पाच्या, भावाला, भीमण्णाला, बाजूला घेऊन नीट मराठीत सांगितलं होतं: आता बरा आहे, पण विष अंगात आहे, औषध उतरलं की पुन्हा छाती भरून येईल, चार दिवस इथून हलवायचं नाही. भीमण्णानं प्रत्येक वाक्याला मान हलवली होती. तो हैदराबादला इमारतीच्या कामावर होता, त्याच्याजवळ मोबाइल होता, शर्टाला इस्त्री होती. डॉक्टर माणसं बघूनच बोलतात, आणि तिथं बोलण्यासारखा तोच दिसत होता. म्हातारी, त्या दोघांची आई बाणूबाई, भिंतीशी बसली होती. ठरवणारी ती आहे हे तुळजाला पहिल्या नजरेत कळलं होतं. कळूनही ती काही बोलली नव्हती, कारण तसं बोलायचं तर ते कसं कळलं हेही सांगावं लागलं असतं.

औषध उतरायला किती वेळ लागतो? ती मनाशी हिशेब करू लागली आणि मध्येच थांबली. संध्याकाळ. फार तर संध्याकाळ. मग पुन्हा घाम, पुन्हा लाळ, मग छातीत पाणी, आणि मग तो माणूस कोरड्या जमिनीवर, भर थंडीत, आपल्याच पाण्यात बुडून जाईल. वय पस्तीसच्या आत. हाडापेरानं मजबूत. सकाळी कपडे कापताना त्याच्या दंडावर तिला लोकरीच्या दोऱ्यात बांधलेली हळदीची पुरचुंडी दिसली होती आणि तिनं कात्री तिच्या बाजूनं वळवून घेतली होती. तेवढं तिला सुचलं होतं. तेवढं सुचलं होतं म्हणून ती आज सकाळभर स्वतःवर थोडी खूशही होती.

अकराच्या सुमारास टेंपोतून आणलं होतं त्याला. औरादच्या पलीकडची वस्ती, वीस-बावीस उंबरे, निम्मे लोक आता हैदराबादला नाहीतर पुण्याला, उरलेले दुसऱ्याच्या रानात. मेंढरं फक्त दोन-तीन घरांत राहिली होती, त्यातलं एक पिराप्पाचं. घोंगडीची चार टोकं चौघांनी धरली होती आणि मधल्या झोळीत तो होता. चौघांतले तिघे टेंपोबरोबर लगेच परत गेले. डॉक्टरांनी विचारलं, काय प्यायला? भीमण्णा म्हणाला, "प्यायला न्हाई साहेब. मेंढरांना गोचीड लई झालते. तुरीवरचं औषध उरलं होतं, त्येच पाण्यात कालवून अंघोळ घालायला होता. पहाटंपासनं." "हातांनी?" "मग कशानं घालतेत?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आणि बाटली कुठाय?" "कुपाटीच्या काट्यांत खोवलीय. बूच चांगलं लावलंय, साहेब, पोरं हात लावत न्हाईत." थंडी म्हणून घोंगडी अंगावर होती. मेंढरू अंग झाडणार, ते पाणी घोंगडीवर उडणार, घोंगडी पिऊन घेणार. लोकर पाणी सोडत नाही. पावसात तेवढ्यासाठीच तर ती अंगावर घेतात. पहाटेपासून तो विषाची खोळ डोक्यावर घेऊन कामाला लागला होता आणि त्याला घाम फुटला तेव्हा त्याला वाटलं कामाचा घाम आहे.

वास आला तेव्हा तुळजा दोन पावलं मागं सरकली होती. औषधाचा वास वर होता, लसणीसारखा, उग्र, तो तिला माहीत होता. पेरणीपासून काढणीपर्यंत महिन्याला दोन-तीन पेशंट तरी तो वास घेऊन येतात. त्याच्याखाली दुसरा होता. ओली लोकर, लेंड्या, धूर, ताक. गुलबर्ग्याच्या नर्सिंगच्या वसतिगृहात, पहिल्याच आठवड्यात, शेजारच्या खाटेवरची मुलगी नाक उडवून म्हणाली होती, तुझ्या ट्रंकेत काय मेलंय गं? बाकीच्या हसल्या होत्या. तुळजाही हसली होती. त्या रात्री तिनं ट्रंकेतलं घोंगडीचं गाठोडं प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत घालून, कडुनिंबाचा पाला भरून, सुतळीनं आवळून बांधलं आणि मग तीन वर्षांत कुणी काही म्हणालं नाही. पुढं कुणी गाव विचारलं की ती बिदर म्हणायची. मेहकर हे खरं गाव सांगितलं तर दुसरा प्रश्न येतो. जात विचारणारे जात विचारत नाहीत, वडील काय करतात विचारतात; ती म्हणायची, शेती. खोटं नव्हतं. शेवटी शेवटी वडिलांनी, काशप्पानं, दीड एकर केलं होतं. नवरा योगीराज आता हैदराबादला नोकरीत होता, तो त्याच्या कचेरीत काय सांगतो हे तिनं त्याला कधी विचारलं नव्हतं. त्यानंही तिला विचारलं नव्हतं. दोघांचं त्या बाबतीत चांगलं जमत होतं.

"ती घोंगडी काढा आधी खालून," डॉक्टर म्हणाले होते. "सगळं विष त्यातच आहे." बरोबर होतं. कुठल्याही पुस्तकात हेच असतं: आधी कपडे काढा, अंग साबणानं धुवा, मग बाकीचं. बाणूबाई छाती पिटून रडत होती, तिचं रडणं खोलीभर होतं, आणि तुळजानं पिराप्पाला कुशीवर वळवलं, घोंगडी त्याच्या पाठीपर्यंत गुंडाळत नेली, पलीकडच्या कुशीवर वळवलं आणि बाहेर ओढली. पेशंट खाटेवर असताना चादर कशी बदलायची, हे पहिल्या वर्षी शिकवतात. महानंदा बादली आणि साबण घेऊन आली. आणि म्हातारीचं रडणं थांबलं. तुळजाला ते आता आठवलं. थांबलं म्हणून तिला बरं वाटलं होतं. म्हातारी उठून खाटेजवळ आली होती, तिनं खाटेच्या पायथ्याशी बघितलं, मग तुळजाच्या हातांकडे, मग तोंडाकडे. "बाई," ती हळू म्हणाली होती, "तू आमच्यातली हाईस का?" तुळजा शुद्ध मराठीत म्हणाली, "नाही मावशी, मी बिदरची. तुम्ही जरा बाजूला व्हा." "बरं," म्हातारी म्हणाली. ती भिंतीशी गेली, तिनं खालचं पोतं बाजूला सारलं आणि उघड्या फरशीवर, दोन्ही तळहात फरशीला टेकवून बसली. त्यानंतर ती एकदाही उठली नाही. मुलाचे श्वास मोकळे होत गेले, डॉक्टर म्हणाले, "सुटला म्हणा," तरी ती उठली नाही.

तुळजा खाट आवरू लागली. दुसरा पेशंट केव्हाही येईल. तिनं चादर ओढून काढली, तिच्याखालचं मेणकापड ओढलं. मेणकापड पुसून घडी घालून ठेवायचं असतं. तिनं ते दोन हातांत धरलं, मध्यावर दुमडलं, पुन्हा दुमडलं, आणि दोन्ही टोकं आतल्या बाजूला खोचली. मग वाकून ते खाटेच्या पायथ्याशी, खाली, फरशीवर ठेवलं. ठेवून ती सरळ झाली आणि तशीच उभी राहिली.

मेणकापड कपाटात ठेवतात. त्याची टोकं कुणी आत खोचत नाही. तिला ते नर्सिंगच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. महानंदा सकाळी घोंगडी उचलून प्लास्टिकच्या पिशवीत भरत होती तेव्हा तिनं ती कुठून उचलली होती? खाटेच्या पायथ्याशी, फरशीवरून. कशी होती ती? चौघडी. दशा, म्हणजे टोकाचे ते सुटे दोरे, दिसत नव्हते. तिनं त्या आत घेतल्या होत्या. कधी घेतल्या, हे तिला आठवत नव्हतं; हातांनी घेतल्या होत्या. दुसऱ्या कुठल्याही नर्सनं ती ओढून कोपऱ्यात भिरकावली असती. म्हातारी चिडली असती, शिव्या दिल्या असत्या, उचलून धुळीतून झाडली असती, आणि मुलाजवळ बसून राहिली असती. भिरकावण्याला काही अर्थ नसतो. दवाखान्यातले लोक भिरकावतातच.

तिच्या वस्तीत, मेहकरच्या शिवाराबाहेर, त्यांच्या भावकीत, घोंगडीच्या दशा नेहमी बाहेर ठेवत. झोपताना, गाडीवर टाकताना, देवापुढं अंथरताना, बाहेर. एकदाच आत घेतात. तिचा बाप काशप्पा वाघरीजवळ, मेंढरांच्या जाळ्याच्या कुंपणाशी, आजारी पडला होता. ती चौथीत असेल. तीन दिवस ताप, मग बोलणं तुटलं. त्याची थोरली बहीण लिंगम्मा आत्या आली, तिनं त्याच्या पायांना हात लावला, तोंडावरून हात फिरवला, आणि कुणाला न विचारता त्याला कुशीवर करून त्याच्याखालची घोंगडी काढून घेतली. मध्यावर दुमडली. पुन्हा दुमडली. दशा आत. पायथ्याशी ठेवली. आणि बायका रडायच्या थांबल्या. रडणं नंतरचं असतं. काशप्पा जिवंत होता. तो उघड्या मातीवर दुसऱ्या सकाळपर्यंत जिवंत होता. घडी घातल्यावर माणूस आपला राहत नाही, तो देवाच्या कळपात मोजला जातो. त्याला औषध देत नाहीत, शेक देत नाहीत, त्याला तुडवल्या जाणाऱ्या वाटेवरून बाजूला नेतात, आपल्या मातीत नेऊन ठेवतात, आणि वाट बघतात. रात्री तो पाणी म्हणाला. तुळजानं तो शब्द ऐकला, आईनंही ऐकला असणार. आत्या म्हणाली, "त्यो मागत न्हाई गं, त्याची वाट मागायलीय." तिनं तांब्या उचलला आणि त्याच्या उशाशी मातीत ओतला. माती पाणी पीत असल्याचा आवाज आला. तो आवाज तुळजाला पुढं कितीतरी वर्षं कुठंही यायचा, कुंडीत पाणी घालताना, वसतिगृहाच्या अंगणात सडा टाकताना. तेव्हा तिला ते क्रूर वाटलं नव्हतं. सगळी मोठी माणसं इतकी शांत होती. क्रूर हा शब्द तिला शाळेत नंतर मिळाला, आणि तोही कुठल्या दुसऱ्याच धड्यात.

म्हणजे आपण त्या माणसाला सकाळी अकरा वाजता मारलं. तिनं हे वाक्य मनात नीट जुळवून पाहिलं. त्याच्या शिरेत औषध सोडायच्या आधी. आणि मग तीन तास त्याच्यावर मेहनत केली, सगळ्यांच्या देखत, आणि ती म्हातारी जमिनीला हात टेकून बघत राहिली की ही आपल्यातली बाई घडी घालते आणि वर सुयाही टोचते, मेलेल्याला का छळतेय.

भीमण्णाचा मोबाइलचा नंबर केसपेपरवर होता, सकाळी त्यानं तो न विचारता सांगितला होता, "हैदराबादचा हाय, पर हितं बी लागतंय." व्हरांड्यातल्या नाण्याच्या फोनवरून तिनं तो लावला. घंटा बराच वेळ वाजली. मग इंजिनाचा आवाज आणि त्यावर ओरडून, "हालो?"

"भीमण्णा? मी दवाखान्यातली. सिस्टर."

"बोला."

"त्याला परत आणा. औषध उतरायच्या आत आणा. तो बरा होत होता, डॉक्टरांनी सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलं की अक्का. म्या आईला बी सांगितलं. आई म्हनली, डॉक्टर तोंडानं काय बी म्हनंल, त्या बाईनं हातानं सांगितलंय." इंजिनाचा आवाज वाढला, कमी झाला. "आता कामून फोन करायलीस? तूच घडी घातलीस न्हव?"

"ती चुकून झाली."

"घडी चुकून कशी व्हती?"

 तिनं विचारलं, "तो कसा आहे?"

"बोलायलाय. मेंढरांना हाका मारायलाय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "पानी मागायलाय."

"द्या. घोटभर द्या. तोंड कोरडं पडलंय त्याचं, औषधानं पडतं. भीमण्णा, ऐकायलास का? त्याला पाणी पाज."

"आई न्हाई म्हनायली."

आपण 'ऐकायलास' म्हणालो, घरच्या बोलीत, हे तिच्या लक्षात आलं. "आईला दे फोन," ती म्हणाली.

फोन कुणीतरी कानाला उलटा धरला असावा. आधी वारा, मग श्वास, मग म्हातारीचा आवाज, लांबून. "कुणाची गं तू?"

तुळजाच्या मागं व्हरांड्यात दोन मुली केसपेपर घेऊन उभ्या होत्या. तिनं त्यांच्याकडं पाठ केली. "काशप्पाची. मेहकरच्या काशप्पाची लेक. लिंगम्मा माझी आत्या." तिला वाटलं होतं, हे नाव सांगितलं की पलीकडं काहीतरी सैल होईल. आपलं माणूस सांगतंय म्हटल्यावर म्हातारी ऐकेल. इतकी वर्षं जे दडवलं ते आता तिला चावीसारखं वाटत होतं. 

"मग तर झालंच की," बाणूबाई म्हणाली. "मला वाटलं हुतं, परकी असंल, कुणाचं बघून करायली असंल. वाटंत मनात ती एक आशा हुती बघ. तू तर लेक निघालीस. आपल्याच लेकीनं घडी घातली." तिच्या आवाजात राग नव्हता. "बरं केलंस पोरी. लपवलं न्हाईस."

"काकी, ऐक. मला ठावं नव्हतं. म्या इसरले हुते, हातानं आपोआप… त्यात विष हुतं म्हणून काढली. म्या येते. म्या परत अंथरते. माझ्या बापाची हाय माझ्याजवळ. लेकीनं उलगडली तर उलगडती, आत्या म्हनायची."

"कुणी बघितलंय उलगडल्यालं?" म्हातारी म्हणाली. तेवढ्यात फोन बंद झाला. रेंज गेली की तिनं बटण दाबलं, की नाणं संपलं, हे कळायला मार्ग नव्हता. पुन्हा लावला तेव्हा एक बाई कन्नडमध्ये गोड आवाजात सांगू लागली की आपण ज्यांना फोन करत आहात ते संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहेत.

डॉक्टर श्रीहरी त्यांच्या खोलीत डबा खात होते. ते वाईट माणूस नव्हते. तीन माणसांचं काम एकटे करत होते. "पळवला ना?" ते म्हणाले. "महानंदानं सांगितलं. आता काय, बांधून ठेवायचं का आपण लोकांना? ह्यांना कितीही सांगा, सिस्टर." ती म्हणाली, "सर, मी त्यांच्यातली आहे." "कुणाच्यातली?" "धनगरांच्यातली. मी घोंगडीची घडी घातली, म्हणून ते गेले." त्यांनी घास खाली ठेवला. तिनं दोन-तीन वाक्यांत सांगितलं. सांगताना ते फार लहान वाटत होतं, एखाद्या कपड्याची तक्रार केल्यासारखं. डॉक्टर ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे बघा, घोंगडी काढायलाच हवी होती. दुसरा इलाज नव्हता. तुमचं काही चुकलेलं नाही."

"काढायला हवी होती, सर. घडी घालायला नको होती."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, बहुधा नोकरीतल्या सहा वर्षांत पहिल्यांदा, निदान तिला तसं वाटलं. मग ते म्हणाले, "सकाळी बोलला असतात तर मी त्या बाईशी बोललो असतो." आणि लगेच, "असो. अमृतप्पाला अॅम्ब्युलन्स काढायला सांगा. तो अॅट्रोपिनचा खोका सगळा न्या. घाम दिसला, लाळ दिसली की थांबू नका, तिथंच जीपमध्ये द्या. मला विचारायला फोन शोधत बसू नका." "गाडी अशी नेता येते का सर?" "नाही येत," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला उठले.

तिची खोली आवारातच होती. ट्रंक खाटेखाली. सुतळीची गाठ नखांनी सुटेना, तिनं ती दातांनी तोडली. तीन पिशव्या, एकात एक. कडुनिंबाचा पाला काळा भुगा झाला होता. आत काशप्पाची घोंगडी, चौघडी, दशा आत, लिंगम्मा आत्यानं घातली तशीच. बाप गेल्यावर आत्यानं ती तिच्या हातात दिली होती आणि काहीतरी म्हणाली होती. लेकीनं उलगडली तर उलगडती. असं म्हणाली होती का? की, लेकीनं उलगडू नये म्हणाली होती? तुळजाला आत्याचं तोंड दिसत होतं, तंबाखूनं काळे झालेले दात दिसत होते, ओठ हलताना दिसत होते, पण शब्द आत्ताचे होते, फोनवर म्हणालेले. नियम तिला आठवत होता, की दुपारी साडेतीनच्या सुमारास व्हरांड्यात उभी राहून तिनं तो तयार केला होता? आणि तयार केलेला असला तर काय बिघडलं? सगळेच नियम कधीतरी कुणीतरी घाईत तयार केले असतील. पण म्हातारी विचारणार: कुणी बघितलंय? आणि तिला डोळे वर करून सांगावं लागणार.

गाडी जनवाड्यापर्यंत बरी गेली. पुढं मांजरेच्या पुलावर उसाच्या गाड्या होत्या. अमृतप्पानं भोंगा लावला, बैलांनी कान हलवले, बाकी काही हललं नाही. "पेशंट आत नसताना भोंगा लावायलोय, अक्का," तो म्हणाला, "पहिल्यांदाच. कुणी इचारलं तर तुमीच झोपा मागं." ती हसली. हसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपले हात मांडीवरच्या घोंगडीवर आहेत आणि अंगठे घडीच्या कडेवरून पुढंमागं फिरतायत. पूल मागं पडला. पिराप्पाच्या कपाळावर आता घाम आला असेल का? आधी कपाळ, मग वरचा ओठ. भीमण्णाला घाम दिसेल. त्याला वाटेल, थंडी कमी झाली. बाहेर तुरीची रानं होती, शेंगा भरलेल्या, आणि बांधाबांधावर पाठीला पंप लावलेली माणसं उघड्या तोंडानं फवारत चालली होती. तिला प्रत्येकाला थांबवून काहीतरी सांगावंसं वाटलं. काय, ते ठरवता येईना.

तिनं घडी उलगडायला घेतली. लोकर इतक्या वर्षांत घट्ट बसली होती. पहिला पदर सुटताना चरचर आवाज झाला, जुनी जखम पट्टीपासून सुटताना होतो तसा. वास आला. ह्या वेळी ती मागं सरकली नाही, सरकायला जागाही नव्हती. दशा बाहेर काढल्या. त्या मोडल्या, काही तुटल्या, काही हातात आल्या. घोंगडीच्या मधोमध घडीची रेघ उभी राहिली होती. तिनं ती तळहातानं दाबली, सोडली. रेघ परत आली. म्हातारीला ती दिसेल. म्हातारीच्या नजरेतून असं काही सुटत नाही. ती म्हणेल, ही मेलेल्याची हाय. आणि ती खरंच मेलेल्याची होती.

संतपूरच्या फाट्यावर चहाचं खोपट होतं. अमृतप्पानं खिडकीतून विचारलं, काळी जीप गेली का, आजारी माणूस घातलेली? चहावाला किटली खाली ठेवून पुढं आला. "व्हय, गेली की. हितं थांबली हुती. लई वेळ न्हाई झाला." तुळजा गाडीतून उतरली. "आतला माणूस कसा होता?" "निजला हुता. चादर हुती तोंडापतुर. बोलत न्हवता." "श्वास?" "ते म्या कामून बघू, बाई?" मग तिच्या अंगावरचे पांढरे कपडे बघून तो जरा नरमला. "म्हातारी खाली उतरली हुती. पानी मागितलं. म्या ग्लास दिला तर म्हनली, तांब्या दे. तांब्याभर घेतलं."

"प्यायली?"

"न्हाई. हितं न्हाई प्यायली. घेऊन जीपच्या मागं गेली."

"त्याला पाजलं का?"

"दिसलं न्हाई. जीप आडवी हुती." तो आठवायला लागला. "डायवरनं बी बॉनेट उघडलं हुतं, इंजिन तापलं हुतं. त्यात घातलं असंल." त्यानं फळीवर पालथा घातलेला तांब्या दाखवला. "रिकामा आणून दिला तिनं. काय बोलली न्हाई."

तुळजा जीप जिथं उभी होती तिथं गेली. रस्त्याच्या कडेला चाकांच्या खुणा होत्या, पाच-सहा उसाच्या चिपाडांचे तुकडे होते, आणि मागच्या चाकाच्या बाजूला मातीचा एक पट्टा ओला होता, हातभर रुंद. तेल सांडलं असेल, इंजिनातून गळलं असेल. तिनं वाकून बोट लावलं. तेल नव्हतं, पाणी होतं. किती सांडलं आणि किती नाही, हे मातीवरून कळत नव्हतं. अमृतप्पानं भोंगा वाजवला. ती गाडीत चढली आणि घोंगडी दशा बाहेर ठेवून मांडीवर घेतली. पाच वाजून चाळीस मिनिटांनी गाडी संतपूर सोडून औरादच्या रस्त्याला लागली. जीप पुढं होती.